बिनविम्याचे एकोणीस दिवस

त्या गाडीत बसलो की माझे कान उभे राहायचे. टेप कधी लावायचो नाही. काच खाली करून ऐकत राहायचो. पुढच्या डाव्या चाकातून टकटक येतेय का? गिअर टाकताना काही कुरकुरलं का? जुन्या बस स्टँडमागचा मेकॅनिक बॉनेट उघडून नुसतं "म्म्" म्हणाला, तरी मी खिशातले पैसे मोजायला लागायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, पोरगा काय ऐटीत चाललाय! पोरगा आत बसून देवाचं नाव घेत असायचा.

वय चोवीस. बँकांमध्ये तेव्हा नवे नवे संगणक येत होते, आणि तंजावूरची वीज जायची ती जातच होती. म्हणून बँकांना यूपीएस विकणाऱ्या एका एजन्सीत मला नोकरी लागली. अप्पांना निवृत्त होताना जो पगार होता त्याहून माझा पहिलाच पगार जास्त होता, आणि हे मी त्यांना दोनदा ऐकवलंही होतं. गाढव होतो, दुसरं काय!

गाडी तिरुच्चीची. तिथल्या एका पैसेवाल्याचा मुलगा अमेरिकेला निघाला होता, त्यानं घाईघाईत विकली. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, डाळिंबी रंग, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. आमच्या मराठी गल्लीत तोवर फार तर स्कूटर यायची. मी ती दारात आणून लावली तेव्हा अम्मानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती चिरडून गाडी पुढे काढली, समोर भोपळा फोडला आणि सगळी गल्ली हसली. त्या दिवशी मला वाटलं होतं, झालं, आपण जिंकलो.

घेणं सोपं होतं हो. पोसणं! लिटरला आठ किलोमीटर धावायची ती, आणि तेही मी पाय सांभाळून चालवली तर. पन्नास-पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकणारं गिऱ्हाईक बघून पंपावरचा माणूस गाडीकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. उतारावर मी इंजिन बंद करायचो. मित्रांना फिरायला नेलं की पेट्रोलची वर्गणी काढायचो, आणि तिसऱ्या वेळेपासून मित्र बसनं जायला लागले. त्या गाडीला जे जे लागायचं ते तंजावूरात मिळायचं नाही, मद्रासहून मागवायला लागायचं. येईपर्यंत आठ दिवस गाडी उभी. खरं सांगतो, तेच आठ दिवस मला शांत झोप लागायची.

अप्पांनी गाडीबद्दल एका शब्दानं विरोध केला नाही. त्यांची एकच अट होती. तीस वर्षं ते तंजावूरच्या कोर्टात बेंच क्लार्क होते, आणि त्यातली बरीच वर्षं अपघाताच्या भरपाईचे दावे त्यांच्या टेबलावरून गेले होते. कोणाचा पाय, कोणाचा नवरा, कोणाचं पोर. प्रत्येक अर्जाला ते तीच जोडकागदपत्रं लावायचे, आणि ज्या अर्जाला गाडीच्या विम्याचा कागद नसायचा तो बघून त्यांना घरी जेवण जायचं नाही.

"तू काय चालवतोस ते चालव," ते म्हणाले. "पण विम्यावाचून एक दिवस नाही. एक दिवससुद्धा नाही. गाडी जळाली तर जळू दे की, आपली गेली. पण समोरच्याचं काय? त्यानं कुणाकडं जायचं?"

माझा विमा संपायला आला तेव्हा महिन्याचे जेमतेम दहा दिवस झाले होते आणि माझ्या खिशात काही उरलं नव्हतं. अप्पांनी न मागता एक पाकीट हातात ठेवलं. पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात विमा संपायची तारीख लिहिलेली होती, खाली दोन रेघा मारून.

त्याच आठवड्यात मेकॅनिकनं मला बोलावून मागची चाकं दाखवली. रबर झिजून आतल्या तारा दिसायला लागल्या होत्या. "तंबी," धाकट्या भावाला हाक मारतात तसं तो म्हणाला, "हे फुटलं तर तू सरळ कावेरीत." त्या मापाचे रुंद टायर, दोनच घ्यायचे म्हटले तरी सगळं पाकीट जाणार आणि वर थोडे उसने घालावे लागणार. आता मी काय विचार केला ते सांगतो, कारण तो मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. विमा म्हणजे कागद. कागद काही गाडी थांबवत नाही. टायर थांबवतात. टायर घातले तर अपघातच होणार नाही, आणि अपघात झाला नाही तर विमा कशाला? पगार झाला की भरून टाकू. तीन आठवड्यांचा तर प्रश्न.

टायर बसले. विमा संपला. अप्पांनी विचारलं, "भरलास की?" मी म्हणालो, "होय की." एवढंच खोटं. त्यानंतरचे एकोणीस दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. सायकलवाला बाजूनं गेला तरी मी गाडी कडेला घेऊन थांबायचो. शाळा सुटायच्या वेळेला मी गाडी बाहेर काढायचोच नाही. ऑफिसला बसनं जायला लागलो, आणि अप्पा कौतुकानं अम्माला म्हणाले, पोराला पेट्रोलची किंमत कळायला लागली.

एकोणिसाव्या दिवशी पापनाशमच्या पलीकडं एका गावात नात्यातली मुंज होती. अम्मा आदल्या दिवशीच गेली होती. सकाळी अप्पा जरीकाठी वेष्टी नेसून, कपाळाला गंध लावून ओसरीत उभे. "चल," म्हणाले, "आज तुझ्या गाडीतनं मिरवत जाऊ. सगळ्यांना दिसू दे." आजवर ते त्या गाडीत एकदाही लांबच्या प्रवासाला बसले नव्हते. मी बसचं नाव काढलं. पेट्रोल नाही म्हणालो. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी काय सांगणार होतो?

अय्यंपेट्टैपर्यंत मी चाळिसाच्या वर गेलो नाही. अप्पा हसले. "एवढी मोठी गाडी घेतलीस आणि बैलगाडीसारखी चालवतोस होय रे? पळव की जरा." वडिलांनी असं म्हटल्यावर चोवीस वर्षांचा मुलगा काय करेल? पापनाशम मागं पडलं, कालव्याकाठचा सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूला नारळ, आणि मी पाय दाबला. गाडी अशी निघाली की अप्पांनी दरवाजावरची मूठ धरली आणि लहान मुलासारखे हसले. ते हसू मला अजून दिसतं.

आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात भातानंतरचा उडीद निघतो. लोक तो वेलासकट उपटून डांबरी रस्त्यावर पसरतात. खळं करायला नको, बैल नकोत. येणारी-जाणारी बस, लॉरी, ट्रॅक्टर त्यावरून गेले की शेंगा फुटतात. बायका कडेला काटकी घेऊन बसतात, गाडी गेली की उठून पाला उलटापालटा करतात आणि खालचे दाणे सुपात झाडून घेतात. रस्त्यानं जाणाऱ्यानं वेग कमी करून सरळ मधून जायचं, ही आमच्याकडची रीत. चुकवून गेलात तर बायका मागून ओरडतात. आपण नुसतं गेलो तरी दुसऱ्याचं काम होतं, मग वळून जायचं कशाला? हे मला लहानपणापासून माहीत होतं. तंजावूरच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

वळण संपलं आणि समोर उडीद. अर्धा रस्ता भरून, गुडघ्याएवढा. कडेला एक म्हातारी आणि तिची सून.

आणि मला गाडीची भीती वाटली. माणसांची नाही, गाडीची. इतकी खाली गाडी, तो पाला खाली गुंडाळणार, तापलेल्या सायलेन्सरला चिकटणार, काहीतरी तुटणार, पुन्हा मद्रास, पुन्हा आठ दिवस, पुन्हा पैसे. मी सरळ जायच्या ऐवजी उडीद चुकवायला उजवीकडं घेतलं आणि ब्रेक मारला. उजवी चाकं डांबरावर, डावी उडदात. डांबरावरच्या चाकांनी धरलं. उडदातल्या चाकांखालून तो पाला असा सरकला, जणू तेल सांडलंय. गाडी फिरली. मागचा भाग गर्रकन कडेला गेला आणि त्या बाजूनं एक आवाज आला. फार मोठा नव्हता. दार आपटल्यासारखा.

हात स्टीअरिंगवरून सुटेनात. मनात म्हातारीचा विचार आधी आला असं लिहायला मला आवडेल. पण पहिला विचार आला, एकोणीस दिवस. आणि मगच, मेली का ती?

अप्पा कधी उतरले ते मला कळलंच नाही. मी उतरलो तेव्हा ते जरीकाठी वेष्टीनिशी मातीत बसले होते आणि म्हातारीचं डोकं त्यांनी हातावर घेतलं होतं. ती जिवंत होती. "अय्यो, अय्यो, माझा पाय," ओरडत होती, आणि त्या ओरडण्याइतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. सून छाती बडवत होती. शेतातून माणसं धावत आली. कुणीतरी माझी कॉलर धरली, कुणीतरी बॉनेटवर दगड घातला.

अप्पांनी हात वर केला. कोर्टात शिपायाला गप्प करायचे तसा. "मारायचं असेल तर नंतर मारा," तमिळमध्ये म्हणाले, "आधी हिला दवाखान्यात न्यायचंय." मग म्हातारीकडं वाकून म्हणाले, "पाट्टी, घाबरू नको. चूक आमची आहे. गाडीचा विमा आहे. मी तीस वर्षं हेच काम केलंय. तुझा अर्ज मी स्वतः लिहीन. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळं मिळेल. माझा शब्द."

कॉलर धरलेल्यानं कॉलर सोडली. तिथल्या तिथं सगळे शांत झाले. अप्पांच्या तोंडाकडं बघून कुणालाही विश्वास वाटायचा. मी गाडीला टेकून उभा होतो.

तंजावूरपर्यंत अप्पा मागच्या सीटवर बसून आले, म्हातारीचा पाय मांडीवर धरून. खड्डा आला की ती कण्हायची आणि ते तिला सांगायचे, आलंच, आलंच. समोरच्या आरशात मला दोघं दिसत होती. मी आरसा फिरवून ठेवला. दवाखान्यात तिचा पाय बांधला, नळीचं हाड मोडलं होतं. बाहेर येऊन अप्पा मला म्हणाले, "उद्या सकाळी ठाण्यात जाऊन रीतसर लिहून देऊ. त्यावाचून तिला भरपाई मिळत नाही. विम्याचा कागद काढून ठेव."

"होय," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी ओळखीच्या एका विमा एजंटाच्या घरी गेलो. तो केळीच्या पानावर इडली खात होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हात धुतले, कपाटातून कव्हर नोटांचं, म्हणजे विम्याच्या कच्च्या पावत्यांचं, पुस्तक काढलं आणि काही न बोलता तीन आठवड्यांपूर्वीची तारीख घातली. "एवढं घाबरायचं काय त्यात?" म्हणाला. "रोज होतं." पैसे नंतर दिले तरी चालतील म्हणाला. कागद खिशात घालून मी बाहेर पडलो. खरं म्हणजे जिवात जीव यायला हवा होता. उलट खिशात निखारा ठेवल्यासारखं झालं. घरी येऊन, मुंजीहून बसनं परतलेल्या अम्मानं वाढलेलं जेवण तसंच ठेवून उठलो.

सकाळी अप्पा ओसरीवर बसले होते. म्हातारीच्या नावाचा अर्ज लिहून तयार होता, फुलस्केप कागदावर, समास सोडून. मी कव्हर नोट दिली. त्यांनी ती वाचली. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा वाचली. बोट तारखेवर ठेवलं, मग वरच्या नंबरावर, मग परत तारखेवर. असे कागद त्यांनी किती पाहिले असतील!

"हे लावू?" त्यांनी विचारलं.

मी ओसरीच्या फरशीवरची रेघ नखानं खरवडली.

"तुला विचारतोय. त्या बाईच्या अर्जाला मी हे लावू?"

ते काय विचारत होते ते मला नीट कळलं. कंपनीनं एक नंबर तपासला की त्या बाईचा दावा बुडाला. एजंट बुडाला, मी तुरुंगात. आणि अर्जाखाली, लिहिणाऱ्याच्या जागी, अप्पांची सही. तरी माझ्या तोंडावर "लावा" आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. अप्पा माझ्या उत्तरासाठी थांबले होते, आणि तो कागद त्यांनी अर्जापासून लांब धरला होता. ते घाबरले होते. माझे अप्पा. मी काय म्हणतो त्याला.

"नको," मी म्हणालो.

"त्या दिवशी विमा नव्हता."

"नव्हता."

"पैसे कुठं गेले?"

"टायर घातले."

त्यांनी मान वळवून दारातल्या गाडीकडं पाहिलं. नव्या टायरांच्या खाचांत अजून उडदाचा पाला अडकलेला होता.

"धरलं नाही की रे त्यांनी," ते म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कव्हर नोट मला परत दिली. "हे तू फाड. मी फाडलं तर माझं काम होईल, तुझं नाही." मी फाडली, इतके बारीक तुकडे केले की अम्माला ते झाडता येईनात. मग ते सदरा घालून उठले. मी म्हणालो, अप्पा, केस होईल माझ्यावर. "होऊ दे," ते म्हणाले, आणि चपला घातल्या.

केस झाली. अप्पा ज्या कोर्टात तीस वर्षं बसले त्याच आवारात मी उभा राहिलो. दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी काढून घेतलं. शिपायापासून सगळे अप्पांना बघून उठून नमस्कार करत होते, आणि अप्पा भिंतीशी उभे राहून जमिनीकडं बघत होते. ते मी विसरू शकत नाही.

गाडी विकायची ठरवायला आम्हाला बोलावंही लागलं नाही. कुंभकोणमचा एक माणूस तयार झाला. त्यानं पैसे आधी दिले. अप्पांनी त्यात आपल्या फंडातले घातले आणि कुठले ते न सांगता म्हातारीच्या घरी पोचवून आले. कोर्ट लायसन्स काढून घेणार होतं त्याच्या आदल्या आठवड्यात मी गाडी पोचवायला निघालो. अप्पा म्हणाले, मी येतो. पापनाशमच्या पुढं त्या वळणावर म्हणाले, थांब.

म्हातारी अंगणात बाजेवर बसली होती, पाय प्लास्टरमध्ये. बाजूला ताडपत्रीखाली उडदाचा ढीग तसाच. सून एकटी, झाडणार कोण आणि उलटणार कोण? मला बघून म्हातारी म्हणाली, "ये तंबी. तुमची विम्याची कंपनी फार चांगली रे. इतक्या लवकर कुणी पैसे देतं होय?"

मी अप्पांकडं पाहिलं. ते नारळाच्या झाडाकडं बघत होते. त्यांनी दिलेला शब्द त्यांनी पुरा केला होता. पुढचं माझं होतं.

"विमा नव्हता, पाट्टी," मी म्हणालो. "मी भरलाच नव्हता. अप्पांना माहीत नव्हतं."

तिनं बाजेजवळची काठी हातात घेतली. मला वाटलं, आता काठी घालणार. घातली असती तर मी वाकून खाल्ली असती.

"मग पैसे?"

"गाडी विकली. आता पोचवायलाच चाललोय."

तिनं रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या डाळिंबी गाडीकडं पाहिलं. मग सुनेला हाक मारली.

"ए, ताडपत्री काढ. सगळा उडीद रस्त्यावर टाक. गाडी जायच्या आत होऊन जाऊ दे."

पहिल्या गिअरमध्ये, पायी चालण्याच्या वेगानं, मी त्या उडदावरून गेलो आणि आलो, गेलो आणि आलो. इंजिन तापलं, पाला खाली गुंडाळला, काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मी ऐकला आणि सोडून दिला. अप्पा वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून, काटकीनं पाला उलटत गाडीच्या पुढं पुढं चालत होते, माझ्याकडं पाठ करून, जेमतेम चार हात अंतरावर. मी पाय ब्रेकवरून काढलाच नाही.

"हळू!" म्हातारी बाजेवरून ओरडली. "हळू रे, पुढं बाप आहे तुझा."